एक छोटा शब्द घेऊन युरोपभर त्याचा माग कसा काढायचा: ‘गिफ्ट’पासून सुरुवात

शब्दांच्या मुळाशी जायचं म्हटलं की आपण आधी मोठे भारदस्त शब्द निवडतो, बारा-पंधरा अक्षरांचे, आणि तिथेच थोडं चुकतं, कारण लांब शब्द बहुतेक वेळा जोडकाम असतो, सांधे सुटे केले की काम संपलं. छोटा शब्द तसा सुटत नाही. तीन-चार अक्षरांचा शब्द हजार-दीड हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळलेला असतो, त्याने चार देश पाहिलेले असतात, दर देशात वेगळा अर्थ घेतलेला असतो, आणि तो नीट धरला तर एका शब्दात अख्खी पद्धत शिकून होते. म्हणून मी सांगेन की पहिला शब्द छोटा घ्या, आणि शक्यतो असा घ्या जो किमान तीन युरोपीय भाषांत स्पेलिंगसकट सारखा दिसतो पण अर्थ जुळत नाही. ‘गिफ्ट’ यासाठी फारच चांगला आहे. जी, आय, एफ, टी, चारच अक्षरं. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये ‘लग्न झालेला’ आणि शिवाय विषसुद्धा.

आता इथे लगेच एक जोक येतो, तुम्ही ऐकलाच असेल, की स्वीडिश लोकांना लग्न आणि विष एकच वाटतं वगैरे. माझी विनंती आहे की तो बाजूला ठेवा. एकदा हसलं की माणूस पुढे शोधतच नाही, आणि खरी गोष्ट त्या जोकपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

सगळ्यात आधी एक वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा, पण रकाने आधी आखा मग शब्द भरा. भाषा, उच्चार, लिंग किंवा आर्टिकल, आजचा अर्थ, त्या शब्दाचे सोबती म्हणजे त्याच्यापासून बनलेले बाकीचे शब्द, आणि शेवटी सगळ्यात जुनं सापडलेलं रूप. लोक फक्त भाषा आणि अर्थ लिहितात, बाकीचे रकाने गाळतात, आणि मग अडकतात, कारण पुरावा बहुतेक वेळा गाळलेल्या रकान्यांतच असतो. लिंग आणि सोबती हे दोन रकाने तर मी कधीच रिकामे सोडत नाही, का ते पुढे कळेल.

चला भरूया. इंग्रजी, उच्चार गिफ्ट, अर्थ भेट, आणि ‘गिफ्टेड’ म्हणजे अंगात उपजत गुण असलेला. जर्मन, उच्चार गिफ्टच, पण ‘दास गिफ्ट’, म्हणजे नपुंसकलिंगी, अर्थ विष. सोबती: ‘गिफ्टिग’ म्हणजे विषारी, ‘गिफ्टश्लांगं’ म्हणजे विषारी साप, ‘गिफ्टपिल्त्स’ म्हणजे विषारी अळिंबी, ‘गेगनगिफ्ट’ म्हणजे विषावरचा उतारा, आणि मग एक भलताच शब्द येतो, ‘दी मिटगिफ्ट’, अर्थ हुंडा. हा स्त्रीलिंगी आहे. इथे पेन्सिलने गोल करून ठेवा.

डच. इथे दोन शब्द वेगळे झालेत. ‘दं गिफ्ट’ म्हणजे देणगी, आणि ‘हेट गिफ’ म्हणजे विष, शेवटचा ट गळलेला. दोन्हीत सुरुवातीचा ग घशातून खरवडून काढतात, आपल्याला तो जवळजवळ ख ऐकू येतो. आर्टिकलही वेगळं, ‘दं’ आणि ‘हेट’. विषासाठी ‘व्हरगिफ’ असाही शब्द चालतो आणि विषारी म्हणजे ‘गिफ्टिग’, तिथे ट परत हजर.

स्वीडिश. इ समोर आला की स्वीडिशमध्ये ग चा य होतो, त्यामुळे लिहितात गिफ्ट आणि म्हणतात ‘यिफ्ट’. विशेषण असेल तर विवाहित, नाम असेल तर विष. तिथल्या फॉर्मवर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘उयिफ्ट’ म्हणजे अविवाहित आणि ‘यिफ्ट’ म्हणजे विवाहित असे पर्याय असतात, आणि फक्त जर्मन येणारा माणूस तो फॉर्म पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला क्षणभर काही कळत नाही. ‘यिफ्ता सेय’ म्हणजे लग्न करणं. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही हेच दोन अर्थ, फक्त डॅनिश लोक ग चा ग-च ठेवतात.

आइसलँडिक. इथे ‘गिफ्तुर’ म्हणजे विवाहित पुरुष आणि ‘गिफ्त’ विवाहित स्त्री, आणि ‘गिफ्ता’ असं नाम आहे ज्याचा अर्थ सौभाग्य, नशीब चांगलं असणं. पण विष? विषासाठी आइसलँडिकमध्ये हा शब्दच नाही. तिथे ‘एइतुर’ म्हणतात. हा रिकामा खण फार महत्त्वाचा आहे. आइसलँडिक ही स्कँडिनेव्हियातली सगळ्यात कमी बदललेली भाषा मानतात, मग तिच्यात विवाहाचा अर्थ आहे आणि विषाचा नाही याचा अर्थ काय होऊ शकतो? असा की स्कँडिनेव्हियात लग्नाचा अर्थ घरचा आणि विषाचा अर्थ नंतर बाहेरून आलेला. आणि तसंच आहे, विषाचा अर्थ तिकडे जर्मनकडून गेला, मध्ययुगात उत्तर जर्मनीचे व्यापारी बाल्टिकभर पसरले होते आणि त्यांच्या बोलीतले ढिगाने शब्द स्वीडिश-डॅनिशमध्ये शिरले, त्यातलाच हा. म्हणजे जोक तिथेच संपला. लग्नाचं विष झालं नाही, दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन अर्थ एकाच स्पेलिंगमध्ये शेजारी बसलेत, एवढंच.

तर पहिला धडा हा की कुठे काय आहे याच्याइतकंच कुठे काय नाही हे लिहायचं.

आता दुसरा टप्पा, म्हणजे हे सगळे शब्द खरंच एकाच घरातले आहेत का ते तपासणं. सारखं दिसतं म्हणून नातं मानायचं नाही. सारखं दिसण्याची तीन कारणं असू शकतात: एकाच पूर्वजापासून आलेत, किंवा एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलाय, किंवा निव्वळ योगायोग. आणि एक चौथं कारण आहे जे लोक विसरतात, शब्द स्वतःचाच पण अर्थ उसना. ‘गिफ्ट’मध्ये यातली तीन सापडतात, योगायोगाचं उदाहरण मी शेवटी वेगळं देतो.

पूर्वज शोधायला क्रियापद शोधा. इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबन’, डच ‘खेव्हन’, स्वीडिश जुनं ‘यिवा’ आणि आजचं ‘ये’, आणि गॉथिक या आता नामशेष झालेल्या भाषेतलं ‘गिबान’. सगळ्यांचा अर्थ देणं. मग गिफ्ट म्हणजे ‘देणं’ या क्रियेचं नाम. पण ब किंवा व्ह होता तिथे फ कसा आला आणि मागे ट कुठून आला? तो ट म्हणजे आपला ‘ति’ आहे. खरंच. गम् पासून गति, मन् पासून मति, स्तु पासून स्तुति, कृ पासून कृति, हा जो क्रियेचं नाम बनवणारा ‘ति’ प्रत्यय आपण शाळेत पाठ केला तोच जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंच्या घराण्यात, ट होऊन उरलाय. इंग्रजीत पाहा, ‘ड्राइव्ह’चं ‘ड्रिफ्ट’, ‘थ्राइव्ह’चं ‘थ्रिफ्ट’, ‘गिव्ह’चं ‘गिफ्ट’. तीन जोड्या एकाच साच्यातल्या. आणि धातूच्या शेवटचा ओठांवरचा वर्ण त्या त ला भिडला की काहीतरी होणारच, संस्कृतमध्ये लभ् अधिक ति म्हणजे ‘लब्धि’ झालं, तिकडे ‘फ्ट’ झालं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वहीत लब्धि आणि गिफ्ट एकाखाली एक लिहून बराच वेळ नुसता बघत होतो.

इथे एक पथ्य सांगतो. साचा सिद्ध करायला एक जोडी कधीच पुरत नाही, कमीत कमी तीन जोड्या पाहिजेत. एक जोडी योगायोग असू शकते.

आणि ध्वनिनियम. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जे नियम मांडले ते एवढ्या कामापुरते पाठ करून टाका, अवघड नाहीत. संस्कृत-लॅटिन-ग्रीकमधला प जर्मानिकमध्ये फ होतो (पितर् आणि ‘फादर’, पद आणि ‘फूट’), आणि द चा ट होतो (द्व आणि ‘टू’, दश आणि ‘टेन’, दंत आणि ‘टूथ’). याचा उपयोग काय? समजा तुम्हाला वाटलं की ‘गिव्ह’ म्हणजे देणं आणि आपलं ‘दा’ म्हणजेही देणं, तर मूळ एकच असेल. नियम लावा. ‘दा’ची सख्खी बहीण इंग्रजीत असती तर ती ट ने सुरू झाली असती. ‘गिव्ह’ ग ने सुरू होतं. म्हणजे नाही, अर्थ एक पण मूळ वेगळं. उलटा धोकाही आहे: जर्मन ‘हाबन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ जवळ असणं, दोन्ही ह ने सुरू, डोळे झाकून सांगावं की एकच आहेत, आणि ते एक नाहीत, कारण जर्मानिक ह समोर लॅटिनमध्ये क यायला हवा, आणि तसा तो येतो, ‘कापेरे’ म्हणजे पकडणं, ते ‘हाबन’चं खरं नातेवाईक. जे जास्त सारखं दिसतं त्याच्यावर जास्त संशय घ्यायचा, ही सवय लागायला वेळ लागतो पण लागते.

मग इंग्रजी. इंग्रजीचा गिफ्ट घरचा की उसना? उच्चार बघा. जुन्या इंग्रजीत इ च्या आधीचा ग हा य व्हायचा, म्हणजे शब्द घरचाच टिकला असता तर आज इंग्रज माणूस ‘यिफ्ट’ म्हणाला असता, आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘यिफ्ट’ असं रूप सापडतंही. आजचा कडक ग हा व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेचा ठसा आहे. ‘गिव्ह’ आणि ‘गेट’चं तेच. आणि ‘एग’चंही, अंड्याला आधी इंग्रजीत ‘आय’ सारखा शब्द होता, अनेकवचन ‘आयरन’. इंग्लंडचा पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्सटन याने १४९० मध्ये एका प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की काही व्यापारी थेम्स नदीतून निघाले होते, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले, एकाने तिथल्या बाईकडे ‘एग्ज’ मागितले तर बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही, तो चिडला कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हतं, शेवटी दुसऱ्याने ‘आयरन’ म्हटल्यावर तिला कळलं. एकाच देशात, एकाच भाषेत, नॉर्स शब्द आणि घरचा शब्द समोरासमोर उभे. गिफ्ट आणि यिफ्टचीही अशीच चढाओढ झाली आणि गिफ्ट जिंकला.

अजून एक, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ नुसती भेट नव्हता. तिथे ‘गिफ्ट’ म्हणजे वधूसाठी दिलेली रक्कम, आणि अनेकवचन ‘गिफ्ता’ म्हणजे लग्न. म्हणजे लग्नाचा अर्थ फक्त स्कँडिनेव्हियाचा नाही, इंग्लंडमध्येही होता. अजून मागे जाऊ, चौथ्या शतकातलं गॉथिक बायबल, जर्मानिक भाषांतला पहिला मोठा लिखित ठेवा, त्यात ल्यूकच्या पहिल्याच अध्यायात मरिया योसेफला वाग्दत्त होती असं सांगताना ‘फ्रागिफ्त्स’ या शब्दाचं रूप आलंय. इथेही देणं आणि लग्न. वाग्दत्त शब्दातही ‘दत्त’ बसलाय बघा, आणि मराठीत आपण ‘मुलगी अमक्या घरात दिली’ असं सहज बोलतोच. म्हणजे लग्नाचा अर्थ कुठून आला याचं उत्तर लांब नाही, मुलगी ‘दिली’ जायची, त्या देण्याचं नाव गिफ्ट, आणि जिला दिलं ती ‘गिफ्ट’ झाली. जर्मनची ‘मिटगिफ्ट’ आठवते ना, पेन्सिलने गोल केलेली? ‘मिट’ म्हणजे सोबत, सोबत दिलेलं, म्हणून हुंडा. आणि तो शब्द स्त्रीलिंगी का? कारण जुन्या जर्मनमध्ये ‘देणगी’ या अर्थाचा गिफ्ट स्त्रीलिंगीच होता. विषाचा गिफ्ट पुढे नपुंसकलिंगी झाला पण मिटगिफ्टने जुनं लिंग जपून ठेवलं. लिंगाचा रकाना आखायचा तो यासाठी.

आता राहिलं विष, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

देण्याचं विष कसं झालं? पहिली कल्पना सुचते ती अशी की कुणाला तरी भेटीतून विष दिलं असेल. अशा गोष्टी इंटरनेटवर भरपूर मिळतात. पण पद्धत अशी की गोष्ट सुचली की थांबायचं आणि विचारायचं, अजून कुठल्या भाषेत हेच झालंय का? झालंय. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ हा शब्द आहे, ‘दिदोनाय’ म्हणजे देणं या क्रियापदापासून, तोच ‘दा’ धातू, आणि तोच ‘ति’ प्रत्यय, ग्रीकमध्ये त्याचा ‘सि’ झाला. तर दोसिस म्हणजे शब्दशः देणं. पण ग्रीक वैद्यांनी तो शब्द औषध देण्यासाठी वापरला, एका वेळी द्यायचं औषध, मात्रा. तिथून तो लॅटिनमधल्या वैद्यकात गेला आणि तिथून जगभर, आपण रोज म्हणतो तो ‘डोस’. आजच्या ग्रीकमध्ये ‘दोसी’ म्हणजे औषधाचा डोसही आणि पैशाचा हप्ताही, हप्त्याने दिलेलं, दोन्हीकडे देणंच.

मध्ययुगात जर्मन बोलणारे लोक लॅटिन वैद्यक वाचत होते, ‘दोसिस’ समोर आला, त्याचा अर्थ ‘देणं’, मग आपल्या भाषेत देण्याला काय म्हणतात, तर ‘गिफ्ट’. त्यांनी शब्द उसना घेतला नाही, अर्थ उसना घेतला. हेच ते चौथं कारण. गिफ्ट म्हणजे ‘दिलेली मात्रा’ झाला, आणि तिथून ‘दिलेली ती गोष्ट’, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती. हे शेवटचं पाऊल आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. ‘त्याला काहीतरी दिलं असणार’ असं कुणी हळू आवाजात म्हणालं की काय दिलं हे विचारावं लागतं का? सापाला लांबडं म्हणायचं, दिवा विझला म्हणायचं नाही, तसंच हे. युरोपात याचं अजून एक ठळक उदाहरण म्हणजे अस्वल, रशियनमध्ये त्याला ‘मेद्व्येद’ म्हणतात, म्हणजे मध खाणारा, मधु अधिक अद्, कारण त्याचं मूळ नाव घ्यायची लोकांना भीती होती.

पुरावा पक्का करायला उताऱ्याचा शब्द बघा. जर्मन ‘गेगनगिफ्ट’, गेगन म्हणजे विरुद्ध. आणि इंग्रजी ‘अँटिडोट’, मूळ ग्रीक ‘अँटिदोतोन’, अँटि म्हणजे विरुद्ध आणि ‘दोतोन’ म्हणजे दिलेलं. दोन्ही शब्द अर्थाने एकावर एक तंतोतंत बसतात. सोबतीचा रकाना यासाठी.

आणि १५३८ मध्ये पॅरासेल्सस या वैद्याने आपल्या बचावात लिहिताना जर्मनमध्ये जे म्हटलं ते तर या शब्दासाठीच लिहिल्यासारखं वाटतं: सगळ्या गोष्टी गिफ्ट आहेत, गिफ्ट नाही असं काहीच नाही, फक्त दोसिस ठरवते की एखादी गोष्ट गिफ्ट नाही. विष आणि मात्रा. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, आणि दोन्हींचा मूळ अर्थ ‘देणं’.

मग मला वाटलं की लॅटिनमध्ये याच ‘दा’ धातूचं काय झालं ते बघावं, आणि तिथे ‘दोस’ सापडला, षष्ठी ‘दोतिस’, अर्थ हुंडा. इंग्रजी ‘डाउरी’ त्याच घराण्यातला. म्हणजे बघा, ‘दा’ धातू ग्रीकमध्ये औषधाकडे गेला आणि लॅटिनमध्ये लग्नाकडे, आणि जर्मानिकमध्ये पूर्ण वेगळ्या धातूचा ‘गिफ्ट’ या दोन्ही वाटांवर चालला, त्यातली लग्नाची वाट स्वतःची आणि औषधाची वाट ग्रीकांची बघून. इतकं सगळं असताना नुसत्या जोकवर थांबायचं म्हणजे वाईट वाटतं.

जाता जाता ‘दा’च्या रांगेत अजून कोण आहे तेही लिहून ठेवा, उपयोगी पडतं: डोनेशन, डेटा म्हणजे ‘दिलेल्या गोष्टी’, आणि तारखेचं ‘डेट’, कारण लॅटिन पत्रावर ‘अमुक ठिकाणी अमुक दिवशी दिलं’ असं लिहायची पद्धत होती आणि त्यातलं ‘दाता’ म्हणजे ‘दिलं’ हेच तारखेचं नाव झालं. आणि विषाच्या रांगेतही डोकवा. फ्रेंच-इंग्रजी ‘पॉयझन’ हा लॅटिन ‘पोतिओ’ म्हणजे पेय, तोच ‘पा’ धातू ज्याच्यावरून आपलं पान आणि पिणं, म्हणजे तिथेही थेट नाव टाळून ‘प्यायचं ते’ एवढंच. पोशन आणि पॉयझन हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत, एक ग्रंथातून आलेला आणि एक लोकांच्या तोंडून घासून आलेला. आणि आपलं ‘विष’ हे लॅटिन ‘वीरुस’चं सख्खं भावंड, दोन स्वरांमधल्या स चा लॅटिनमध्ये र होतो, त्या वीरुसचा अर्थ आधी विष होता आणि आज तो व्हायरस म्हणून आपल्याकडे परत आलाय.

साधनांबद्दल थोडं. विकिशब्दकोश सुरुवातीला चालतो पण तिथेच थांबू नका. जर्मनसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला महाकोश, पहिला खंड १८५४ आणि शेवटचा १९६१, आता ऑनलाइन फुकट बघता येतो. स्वीडिशसाठी स्वीडिश अकादमीचा कोश, पहिला खंड १८९८ आणि काम पुरं झालं २०२३ मध्ये, तोही ऑनलाइन आहे. भाषा येत नसली तरी घाबरायचं नाही, सुरुवातीची जुनी रूपं आणि लिंग एवढं वाचता येतं. एक खूण मात्र लक्षात ठेवा: एखाद्या रूपाच्या आधी चांदणी असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नियम लावून मागे जाऊन बांधलेलं आहे. चांदणीवाल्या रूपाला साक्षीदार मानू नका, तो अनुमान आहे, चांगला असेल पण अनुमान. आणि कोशात एकच स्पेलिंग एक, दोन असे आकडे घालून वेगवेगळं दिलं असेल तर कोशकाराचं म्हणणं असतं की हे शब्द वेगळे धरा, ते आकडे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता योगायोगाचं उदाहरण, कारण त्याच्याशिवाय पद्धत अर्धी. शब्द ‘रोक’, तीन अक्षरं, आर ओ के. डचमध्ये रोक म्हणजे स्कर्ट. पोलिश आणि चेकमध्ये रोक म्हणजे वर्ष. क्रोएशियनमध्ये मुदत, डेडलाइन. रशियनमध्ये नियती, आणि तीही बहुधा वाईट. रकाने भरा. डच रोकला जर्मन ‘रॉक’ सोबती मिळतो, स्कर्टच, आणि जुन्या वापरात कोट. कपड्यांचं घराणं. बाकीच्यांना सोबती कोण? इथे स्लाव्ह भाषांचा खजिना उघडतो. जुनं क्रियापद आहे ‘बोलणं, सांगणं’ या अर्थाचं, रशियन ‘रेच’ म्हणजे भाषण त्याच्यातलंच. ‘प्रोरोक’ म्हणजे प्रेषित, आधी सांगणारा. पोलिश ‘व्हिरोक’ म्हणजे कोर्टाचा निकाल, बोलून जाहीर केलेला. रशियन ‘उरोक’ म्हणजे धडा, आणि तोच पोलिशमध्ये ‘उरोक’ म्हणजे जादू, मोहिनी, कुणीतरी शब्द पुटपुटून घातलेली. मग ‘रोक’ म्हणजे सांगून ठरवलेलं, ठरलेली वेळ, तिथून क्रोएशियन मुदत झाली, पोलिश-चेकमध्ये ठरलेला काळ वर्षभराचा झाला, आणि रशियनमध्ये ज्याचं आधीच ठरलंय ते, नियती. एकही पायरी ओढूनताणून नाही. स्कर्टचा याच्याशी काही संबंध नाही, कारण त्या रांगेतला एकही सोबती बोलण्याशी जुळत नाही आणि बोलण्याच्या रांगेतला एकही कपड्याशी. तीन अक्षरांचे शब्द असे आपसूक जुळतात, मोजके ध्वनी आणि हजारो शब्द, जुळणारच.

पोलिशमध्ये अजून एक पाहण्यासारखं, वर्ष एक असेल तर रोक, पण अनेकवचन ‘लाता’, आणि लाता म्हणजे मुळात उन्हाळे. वय विचारलं तर पोलिश माणूस उन्हाळे मोजून सांगतो. आपलं ‘वर्ष’ पावसाचं, आणि ‘चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो.

आता स्वतः करून बघायला ‘मोस्ट’ घ्या. एम ओ एस टी. पोलिश, चेक, रशियन मोस्त म्हणजे पूल. जर्मन मोस्ट म्हणजे फळांचा ताजा किंवा आंबत चाललेला रस. हंगेरियन मोश्त म्हणजे आत्ता. इंग्रजी मोस्ट तुम्हाला माहीतच आहे. रकाने आखा, लिंग लिहा, प्रत्येकाचे दोन-तीन सोबती शोधा, आणि जर्मन शब्दासाठी लॅटिनमध्ये ‘मुस्तुम’ काय ते बघायला विसरू नका. बोस्निया-हर्झेगोविनातल्या मोस्तार शहराचं नाव यातल्या कुठल्या रांगेत जातं ते मात्र सगळ्यात आधी शोधा, म्हणजे हात बसेल.